लपवलेल्या ओळी

ही घटना खरी आहे. ज्यांना विश्वास ठेवायचा नसेल, त्यांनी इथेच थांबावं. मी आग्रह करणार नाही.

या पानावर लिहिणारी मंडळी बहुतेक तरुण दिसतात. मी पंच्याहत्तरीची आहे. चौतीस वर्षं टंकलेखनाची संस्था चालवली. कागदावर जे उमटलं तेच वाचायचं, मनातलं घुसडायचं नाही, हे मी शेकडो मुलामुलींना शिकवलं. त्याच शिस्तीनं हे लिहिते आहे.

रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. मंगळवार, चारचा सुमार. माझी बैठकीची खोली, खिडकीपाशी टेबल, त्यावर संगणक. घरात मी एकटी.

माझा मुलगा सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. परगावी, भाड्याच्या खोलीत, झोपेत. घरमालकानं दार तोडलं.

त्याआधी सहा वर्षं मी त्याच्याशी बोलले नव्हते.

कारण सांगते. यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयाच्या व्हरांड्यातून मी मुलाला नऊ वेळा फोन लावला. घंटा वाजत राहिली, उचलला नाही. तो आला दुसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर.

"कुठे होतास?" मी विचारलं.

"घरीच होतो आई. खेळत होतो. पण फोन..."

पुढचं मी ऐकून घेतलं नाही. "तुला ती खेळातली माणसं प्यारी ना? मग त्यांच्यातच राहा," एवढंच म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी फोन वाजायचा. आवाज ओळखला की मी ठेवून द्यायची. सहा वर्षं.

तो गेल्यावर अडीच महिन्यांनी एका अनोळखी माणसाचा फोन आला. औषधाच्या दुकानात काम करणारा, पन्नाशीचा. खेळात त्याचं नाव नावाडी.

"काकू, खटखट्याचं घर पुसलं जाणार आहे."

मी दचकले. खटखट्या हे माझ्या मुलाचं संस्थेतलं टोपणनाव. लहानपणी तो टाइपरायटरच्या टेबलांखाली रांगायचा, म्हणून मुलींनी ठेवलेलं. खेळातही त्यानं तेच घेतलं होतं.

नावाड्यानं समजावलं. या खेळात चित्रं नसतात, नुसती अक्षरं. 'उत्तर' असं टाइप केलं की आपण उत्तरेला जातो आणि तिथे काय आहे त्याचं वर्णन पडद्यावर उमटतं. खेळाडू आपापलं घर शब्दांत बांधतात. पण नव्वद दिवस ज्या घरात कोणी पाऊल टाकलं नाही, ते पुसून टाकतात. खटखट्यानं घराची किल्ली फक्त एका व्यक्तीच्या नावानं ठेवली होती.

"कोणाच्या?"

"'आई' या नावाच्या. तो म्हणायचा, आली तर तिला दार उघडं हवं. काकू, आता नऊ दिवस उरलेत."

मी लेकीला कळवलं तर ती हसली. मग रडली. "जन्मभर त्याच्या खेळाला नावं ठेवलीस. आता तू खेळणार?"

"खेळणार नाही. घर राखणार," मी म्हणाले.

नावाड्यानं फोनवरून सगळं करून घेतलं. खेळाला जोडून देणारा एक प्रोग्राम असतो, त्याला क्लायंट म्हणतात. तो उतरवून घेतला. त्यात खेळाचा पत्ता आणि त्यानं सांगितलेला क्रमांक भरला. अक्षरं मोठी केली. पडद्यावर जे येईल त्याची नोंद रोज एका फाइलमध्ये आपोआप साठत जाईल, अशीही सोय त्यानं केली.

"काकू, तुमचा टायपिंगचा वेग भलताच आहे हो. आमच्यात असत्या तर राज्य केलं असतंत."

"गप्पा पुरेत. रस्ता सांग."

उत्तर, उत्तर, पूर्व, वर, आत.

आणि त्यानं बांधलेली खोली माझ्यासमोर उमटली.

'लांबट खोली. दोन रांगांत टेबलं, प्रत्येकावर टाइपरायटर. फळ्याखाली बाईंची खुर्ची. खिडकीतून चारचं ऊन येतं आणि शाईच्या फितीचा वास. इथे बसणाऱ्यानं पाठ ताठ ठेवावी.'

माझी संस्था. विटेन् वीट.

ऊन पडद्यावर उतरेपर्यंत मी तिथेच बसून राहिले.

पहिले दोन दिवस दाराबाहेर खेळाडूंची गर्दी झाली. दारातून डोकावत एकेक जण बोलायचा. कोण सांत्वन करी, कोण आठवणी काढी. सगळ्या ओळी धावत वर जायच्या आणि खोलीचं वर्णन दिसेनासं व्हायचं. मला ती माणसं नको होती. त्यांच्यासाठीच तर त्यानं आम्हाला सोडलं, असं माझं गणित.

"यांना गप्प बसव," मी नावाड्याला बजावलं.

"त्यांना नाही करता येत. पण तुमच्याकडे एक आज्ञा देता येते. 'अमुक म्हणतो' अशी कोणतीही ओळ आली की क्लायंट ती लपवेल. तुमची स्वतःची ओळ तेवढी दिसेल. फक्त काकू, एखादं कामाचं बोलणंही दिसायचं नाही हं."

"मला कोणाचंच बोलणं नको आहे. कर."

त्यानं केलं. शांतता झाली.

मग रोज दुपारी चारला मी त्या खोलीत जाऊन बसू लागले. वीस मिनिटं. काही टाइप करायची नाही. कोणाशी बोलायचं आणि काय? वर्णन वाचायची, घड्याळ बघायची, बाहेर पडायची. बावीस दिवस असं चाललं. घर वाचलं होतं.

तेविसाव्या दिवशी लेक म्हणाली, "मला ते वर्णन हवंय. छापून पाठव ना."

म्हणून मी नोंदीची फाइल पहिल्यांदा उघडली.

आज्ञा दिली त्याच दिवसाची नोंद. १६:०३ ला मी खोलीत शिरले. खाली वर्णन.

आणि त्याच्याखाली...

'खटखट्या म्हणतो: आई, आलीस?'

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

पडद्यावरून लपवलेली ओळ फाइलमध्ये मात्र राहते, हे नावाड्यानं मला सांगितलं नव्हतं.

मी पुढचा दिवस उघडला. मग त्याच्या पुढचा.

'खटखट्या म्हणतो: उभी का? बस ना.  गुडघे दुखतील.'

'खटखट्या म्हणतो: अजून राग आहे?'

'खटखट्या म्हणतो: बोल गं काहीतरी.  रागाव तरी.'

बावीस दिवस. रोज. मी वर्णन वाचत बसले होते आणि तो...

पूर्णविरामानंतर दोन जागा सोडलेल्या होत्या. ही जुनी टंकलेखनाची पद्धत, मीच त्याला शिकवलेली. आता जगात कोणी तशा सोडत नाही.

आदल्या दिवशीची नोंद सगळ्यात लांब होती.

'खटखट्या म्हणतो: फोन वाजलाच नाही आई.  महिन्याभरापूर्वीच मी खोली बदलली होती, नंबरही.  तू जुना फिरवलास.  नवा मी बाबांना सांगितला होता.  चष्म्याच्या घरात ठेवतो म्हणाले.  बघ.'

यांचा चष्मा कपाटाच्या वरच्या खणात आहे. सहा वर्षं मी त्याला हात लावला नव्हता. लावायचं धाडस नव्हतं, असं म्हणा.

स्टुलावर चढले. चष्म्याचं घर खाली काढलं. झाकण घट्ट बसलं होतं.

आत चष्मा. चष्म्याखाली... घडी घातलेला कागद.

यांचं तिरपं अक्षर. 'चिरंजीवांचा नवीन नंबर. हिला सांगणे.'

सांगायचं राहून गेलं होतं.

त्या व्हरांड्यात मी नऊ वेळा एका बंद खोलीतला फोन वाजवला होता. नंबर मला तोंडपाठ होता, याचा मला केवढा अभिमान होता.

मी नावाड्याला फोन केला. त्यानं ओळी ऐकल्या.

"काकू, कोणी चेष्टा करत असेल तर मी त्याला सोडणार नाही."

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. खेळ चालवणाऱ्यांकडे सगळ्या बोलण्याची नोंद असते. त्यानं ती स्वतः बसून तपासली होती.

"त्या खोलीत रोज तुम्ही एकट्याच होतात. खटखट्या वारला, त्या दिवसापासून त्याचं नाव आत आलेलंच नाही. आणि काकू... त्या ओळी आमच्याकडून निघालेल्याच नाहीत."

"मग माझ्या फाइलमध्ये आल्या कुठून?"

"मला नाही सांगता येत." मग चाचरत, "तुम्हीच कधी नकळत..."

"मी नकळत टाइप करते, असं म्हणायचंय तुला?"

"नाही काकू. चुकलो."

मी ती आज्ञा काढून टाकायला लावली. आता कोणतीही ओळ लपणार नव्हती. चार वाजता खोलीत गेले. टाइप केलं, 'बाळा, मी आले.'

काही उमटलं नाही.

चार दिवस तसेच गेले. पडद्यावर काही नाही, फाइलमध्ये काही नाही. नुसती खोली, टेबलं, ऊन.

पाचव्या दिवशी मी नावाड्याला म्हणाले, "ती आज्ञा पुन्हा लाव."

"काकू, राहू द्या ना आता."

"मी सल्ला मागितला नाही."

त्यानं लावली. त्या दुपारी मी खोलीत बसले आणि सहा वर्षांत जे बोलले नव्हते ते सगळं टाइप केलं. चूक माझी होती. कागद सापडला. तुझं वाक्य मी पुरं होऊ द्यायला हवं होतं. रविवारचा फोन ठेवून दिल्यावर मी तिथेच उभी राहायची, तो पुन्हा वाजेल म्हणून. आयुष्यात मी कोणाची माफी मागितलेली नाही. तुझी मागते.

अक्षरं चुकत होती. मी ती दुरुस्त केली नाहीत.

वीस मिनिटांनी बाहेर पडले. फाइल उघडली.

माझ्या सगळ्या ओळी तिथे होत्या. एकही गाळलेली नाही.

आणि शेवटच्या ओळीखाली...

'खटखट्या म्हणतो: आजही गप्पच, आई?'



दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं टाइप केलं. अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा. खाली उत्तर होतं: 'नुसती येऊन बसतेस.  मला वाटलं, कागद सापडला की बोलशील.'

नावाडी स्वतः दोन तासांचा प्रवास करून घरी आला. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. टक्कल पडलेला, साधा माणूस. येताना माझ्या गुडघ्यांसाठी मलम घेऊन आला होता. त्यानं माझा क्लायंट आतून बाहेरून तपासला.

"तुमच्याकडून सगळं नीट जातंय. इथे काही अडत नाही, काकू."

"मग त्याला का दिसत नाही?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "लपवायची आज्ञा ज्याच्या त्याच्या क्लायंटमध्ये असते. त्याच्याकडे जर... तर ती तिकडूनच काढावी लागते."

"तिकडे म्हणजे कुठे?"

त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि प्यायलाच नाही.

लेक म्हणते, "आई, बंद कर हे. माझ्याकडे ये राहायला." मी गेले नाही. जाणारही नाही. नव्वद दिवसांचं घर आहे ते. मी नाही गेले तर पुसलं जाईल, आणि तो तेव्हा आत असला तर? याचं उत्तर मला कोणी देत नाही.

मी रोज चारला जाते. रोज बोलते. आता सगळं सांगून झालं आहे, म्हणून साधंसुधं बोलते. आज गुडघा बरा आहे. नळ दुरुस्त झाला. तुझ्या बहिणीचा फोन आला होता. त्याच्या ओळी अलीकडे तुटक येऊ लागल्या आहेत. मध्ये तीन दिवस एकही आली नाही.

काल आली.

मी फाइलमधून जशीच्या तशी इथे उतरवते. वेळेसकट.

'१६:१७:०२ तुम्ही म्हणता: मी इथेच आहे रे.'

'१६:१७:०८ खटखट्या म्हणतो: इथे कोणी आहे का?'