काळवंडलेले वाळे

"माझा नवरा सोन्यासारखा माणूस हाय," सोनम कांबळे म्हणाली. "त्यांच्यासाठी तरी खरं काय ते मला कळायला पायजे."

शाहूपुरीत एका छापखान्याच्या वर नुजहत मुजावरचं खासगी तपासाचं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक पंखा. दुसऱ्या टेबलाशी तिचे मदतनीस, निवृत्त हवालदार गणपती सुतार, बशीतला चहा फुंकत होते.

सोनमने फाईल पुढे सरकवली. तिचा दोन वर्षांचा मुलगा यशराज जन्मापासून खोकत होता. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी निदान केलं: सिस्टिक फायब्रोसिस. फुप्फुसात चिकट कफ साचतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, घामात मीठ फार.

"पापा घेतला की ओठ खारट व्हायचे. मला वाटायचं, समद्यांची पोरं अशीच असतात."

आजार आनुवंशिक, म्हणून आईबापाचं रक्त तपासायचं ठरलं. सोनम मुलाबरोबर दवाखान्यात होती, तिचं तिथंच घेतलं. नवरा प्रसेनजीत चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीत शिक्षक. त्याला रजा नव्हती, म्हणून त्याचं घरी जाऊन घेतलं. आठ दिवसांपूर्वी रिपोर्ट आले. सोनमच्या रक्तात दोष होता, प्रसेनजीतच्या नव्हता.

"मग बरंच की," गणपती म्हणाले.

"बरं नाही, मामा," नुजहत म्हणाली. "आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन दोष एकत्र आले तरच मूल आजारी पडतं. आईबाप स्वतः धडधाकट असतात. बापाकडं दोष नाही, म्हणजे..."

"म्हणजे बाप दुसराच," वाक्य सोनमनेच पुरं केलं. "आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आठ दिवसांत पोराला हात लावलेला न्हाय. रविवारी घरात बैठक हाय. मला यशराजसकट माहेरी, गगनबावड्याला धाडणार."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"बाटली बदलली असंल, परत रक्त द्या म्हणाले. पण ह्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, 'परत तपासणी म्हणजे तुझ्यावर संशय घेतल्यासारखं होतंय. कागद काय बी म्हणू दे, पोराला मी माझंच नाव देणार.'" तिने पदराने डोळे टिपले. "असं कोण म्हणतंय सांगा."

नुजहत फाईल चाळत होती. एका छापील फॉर्मवर तिचं बोट थांबलं. 'कुटुंबात पूर्वी लहान मूल दगावलं आहे का?' पुढे निळ्या शाईत लिहिलं होतं: नाही.

"हा कुणी भरला?"

"ह्यांनीच. अक्षर बघा की किती सुंदर हाय."

*

रक्त न्यायला गेलेला तंत्रज्ञ बुद्धभूषण दुपारी त्याच्या केंद्रावर भेटला. प्रश्न ऐकताच तो उखडला.

"बाटली बदलली न्हाय, मॅडम. त्या दिवशी घरी जाऊन घेतलेला तेवढा एकच नमुना. चिठ्ठी मी तिथंच डकवली."

"माणूस तोच होता कशावरून?"

"नाव विचारलं, त्यानं प्रसेनजीत कांबळे म्हणून सांगितलं. आधार कार्ड मागायची पद्धत न्हाय आमच्यात."

"घरात आणखी कोण होतं?"

"कोण न्हाय. बायका पोरीच्या लग्नाच्या बोलणीला नेसरीला गेल्यात, म्हणाला."

"दिसायला कसा होता?"

बुद्धभूषणने डोकं खाजवलं. "तोंड काय ध्यानात न्हाय. दिवसाला चाळीस जण असतात. हात बघतो मी. शीर झकास होती. हातावर चांदी सांधायच्या झाळकामाच्या ठिणग्यांचे बारीक डाग, पार कोपरापर्यंत. पण हुपरीत निम्म्या गड्यांचे हात तसलेच."

बाहेर आल्यावर गणपतींनी निकाल दिला. "ह्यानंच घोळ घातलाय. बघितलं न्हवं, कसा फणकारला?"

"खरं बोलणारा माणूसही फणकारतो, मामा. चला, हुपरीला."

*

कांबळ्यांच्या घराच्या पुढच्या खोलीतच चांदीचा कारखाना होता. आकाराम नावाचा कारागीर मान खाली घालून पैंजणाच्या कड्या झाळत होता. शेवंताबाई, म्हणजे सोनमची सासू, दारातच उभ्या राहिल्या.

"या पावणं. सुनेनं वकील लावला म्हणायचा की काय?"

"वकील नाही. खरं काय ते शोधतेय."

"खरं कागदावर छापून आलंय की. आणखी काय शोधताय?"

आत प्रसेनजीत यशराजला मांडीवर पालथं घेऊन बसला होता. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. हाताची ओंजळ करून तो मुलाच्या पाठीवर तालात थोपटत होता, म्हणजे कफ सुटतो. गोरे, नितळ हात. मुलाला आवडत असावं, तो डोळे मिटून पडला होता.

"दिवसातून दोनदा करावं लागतं," प्रसेनजीत हसून म्हणाला. "मॅडम, तुम्ही उगाच त्रास घेताय. माझी काही तक्रारच नाही."

"तुम्ही झाळकाम करत नाही?"

"आईनं लहानपणापासून भट्टीजवळ फिरकू दिलं नाही. शिक म्हणाली."

त्याची बहीण प्रीती चहा घेऊन आली. तिचं लग्न नेसरीत ठरलं होतं. "वहिनी तशी न्हाय," ती हळूच म्हणाली आणि आईचा डोळा पाहून आत पळाली.

यशराजच्या पायांत चांदीचे वाळे होते, काजळ फासल्यासारखे काळे.

"चांदीच्या गावात पोराचे वाळे असे?" नुजहतने विचारलं.

"आठवड्याला घासतोय," शेवंताबाई म्हणाल्या. "चार दिसांत पुन्हा काळे. घाम खारट असला की चांदी टिकत न्हाय." आवाज उतरला. "माझ्या थोरल्याचं बी असंच व्हायचं. मामंजींनी चांदी खोटी म्हणून कारागिराला शिव्या घातल्या हुत्या."

"थोरला म्हणजे?"

"ह्या प्रसेनजीतच्या आधीचा. पाच महिन्यांचा हून गेला. खोकून खोकून." त्यांनी कपाटातून एक डबी आणली. आत कापसावर दोन इवलेसे काळे वाळे होते. "हे मी कधी घासलं न्हाईत. दरसाली त्याच्या दिसाला काढतो, समद्यांना दावतो, परत ठेवतो."

प्रसेनजीतचं थोपटणं क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

*

परतीच्या एसटीत गणपती म्हणाले, "म्हातारीच हाय. सून नको झालीया तिला."

"मामा, तुमच्या नावावर कुणी दुसऱ्याचं रक्त दिलं, तर ते सगळ्यात आधी कुणाला कळेल?"

गणपती कागलपर्यंत विचार करत राहिले.

*

रविवारी बैठकीला घरातली चार मंडळी, आकाराम आणि पाहुणे म्हणून नुजहत नि गणपती होते. नुजहत सरळ मुद्द्यावर आली.

"रक्त घेताना बाटली बदलली नाही. माणूस बदलला. तंत्रज्ञानं पाहिलेल्या हातावर कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग होते. प्रसेनजीत, तुमचे हात मी परवा पाहिले. त्यावर एक डाग नाही. आकाराम, बाही वर करा."

आकारामने बाही वर केली नाही. त्याची गरजही उरली नाही. "मालक म्हनाले, मला सुईचं भ्या वाटतंय, माझ्या नावानं तू दे. साधी तपासणी हाय म्हनाले. मला ह्यातलं काय बी ठाव न्हाय, बाई."

"कुठले मालक?" शेवंताबाई ओरडल्या.

"तो नाव घेणार नाही. मी घेते. आधी मला वाटलं, घरातल्या कुणीही त्याला बसवलं असेल. पण ज्याच्या नावावर रक्त गेलं, त्याला आपल्या हाताला सुई लागली की नाही हे कळतंच. प्रसेनजीतला माहीत होतं की रिपोर्ट त्याचा नाही. तरी तो गप्प राहिला. डॉक्टर पुन्हा रक्त मागत होते, त्यानं दिलं नाही. आपण त्याला मोठेपणा समजलो."

प्रसेनजीत जमिनीकडे पाहत होता.

"का केलं, तेही याच घरात आहे. फॉर्मवर त्यानं लिहिलं, घरात मूल दगावलेलं नाही. शेवंताबाई, तुम्ही मला ते वाळे आपणहून दाखवलेत. लपवायचं असतं तर दाखवले नसते. दरवर्षी ते बघणाऱ्यानं मात्र कागदावर नाही लिहिलं. डॉक्टरांनी आजाराची लक्षणं सांगितली तेव्हाच त्यानं ओळखलं होतं की दोष या घरातही आहे. आणि रक्त घेतलं त्याच आठवड्यात नेसरीची बोलणी चालली होती."

"बाहेर कळलं असतं तर प्रीतीचं लग्न मोडलं असतं," प्रसेनजीत पुटपुटला. "मला वाटलं, माझा रिपोर्ट चांगला आला की सोनमच्या माहेरचा आजार ठरेल, बास. दोन्हीकडून यावा लागतो, हे डोक्यातच शिरलं नव्हतं."

"मला विचारलंतंस?" प्रीती किंचाळली. "वहिनीला जाळून माझं लग्न करायचं, हे मला विचारलंतंस?"

सोनम नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"रिपोर्ट आला त्या दिवशी आत्या मला नको नको ते बोलल्या. तुम्ही माझा हात धरून बसला होता. तवा तुम्हाला ठाव हुतं?"

प्रसेनजीतने शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या.

"व्हय," तो म्हणाला.

शेवंताबाईंनी डबी छातीशी धरली होती. "माझं पोर झालंच न्हवतं म्हणून लिव्हलास व्हय रं," त्या मुलाला म्हणाल्या. मग रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी यशराजला उचललं, कपाळाचा पापा घेतला आणि ओठांवरून जीभ फिरवली.

"तसाच हाय," त्या म्हणाल्या. "तसाच खारट." त्या सुनेकडे वळल्या. "तू कुठं जाऊ नगंस, पोरी. मी चुकलो."

"तुम्ही कागदावर विश्वास ठेवला, आत्या. मी माणसावर ठेवला."

यशराजला खोकल्याची उबळ आली. प्रसेनजीत सवयीने उठला, हाताची ओंजळ केली. सोनमने मुलाला सासूच्या कडेवरून घेतलं, उंबऱ्यावर बसली, मांडीवर पालथं घातलं आणि स्वतः थोपटू लागली. हात त्या तालाला सरावलेला नव्हता. कफ सुटेपर्यंत ती थांबली नाही. मग तिने दाराशी भरून ठेवलेली पिशवी उचलली.

"आता गगनबावड्याला मी माझ्या मनानं चाललोय," ती म्हणाली. "रक्त द्यायचं झालं, तर ह्यांनी दवाखान्यात यावं. आधार कार्ड घेऊन."