पुढची नाव कुठली?

पहिल्याच दिवशी त्याच्या खांद्यावरच्या वल्ह्याने माझ्या हातातली फाइल उडवली. कागद टेबल-टेनिसच्या टेबलाखाली पसरले. तो वाकला, मीही वाकले, आणि... डोक्यावर डोकं आपटलं. "शर्यतीआधीच टक्कर?" तो म्हणाला. आमची सुरुवात ही अशी.

वल्हवण्याच्या क्लबला शंभर वर्षं होत होती आणि स्मरणिका मी लिहीत होते. तो तिथला होड्या दुरुस्त करणारा सुतार. तीन आठवडे तो मला जुन्या गोष्टी सांगत होता. एका वर्षी पुराने सगळ्या होड्या नेल्या, तेव्हा रिकाम्या शेडमध्ये सभासदांनी टेबल-टेनिस मांडलं. मग बॅडमिंटन आलं, हॉकी आली. नावाला क्लब वल्ह्यांचा, पण कपाटातले निम्मे करंडक भलत्याच खेळांचे! मी लिहून घ्यायची, पण अर्धं लक्ष त्याच्या हातांकडे असायचं. खोटं कशाला बोलू?

आज पाचला स्मरणिकेची छपाई सुरू होणार होती. मग इथे यायला निमित्तच उरणार नव्हतं.

त्याने शेवटचं पान वाचलं आणि हसू दाबलं. पहिल्या शर्यतीच्या फोटोखाली मी लिहिलं होतं, 'आपली नाव आघाडीवर'.

"वल्हवणाऱ्याचं तोंड जिकडे असतं, नाव त्याच्या उलट जाते," तो म्हणाला. "आपली मागे होती. हरलो होतो आपण."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याने मला समजवायला थेट नदीवरच नेलं, सुकाणूपाशी बसवलं आणि स्वतः समोर बसून वल्ही घेतली. त्याचं तोंड माझ्याकडे, पाठ वाटेकडे. डावीकडे, उजवीकडे — मी सांगायची, तो ऐकायचा. गुडघ्याला गुडघा लागत होता.

"पुढे पूल आहे," मी म्हणाले.

"मला दिसत नाही."

"मग काय दिसतं?"

त्याने वल्ही थांबवली. "तीन आठवडे एकच. तू."

आजवर मी 'तुम्ही' होते. सुकाणूवरचा माझा हात सुटला आणि नाव सरळ काठच्या गवतात घुसली.

"मला तू आवडतोस," मी एका दमात सांगून टाकलं. "आणि मला पोहता येत नाही."

"बरंच आहे. म्हणजे नाव सोडून पळणार नाहीस."

पाचला पाच कमी असताना मी छापखान्यात फोन लावला आणि ओळ बदलायला सांगितली — पहिली शर्यत आपण हरलो. माझा दुसरा हात तेव्हाही त्याच्याच हातात होता.