दुसरं ठिगळ

ऑपरेशनआधी हात धुऊन, ते वर धरून मी वळले आणि थेट त्याच्या कोपरावर आपटले. झालं! पुन्हा पहिल्यापासून धुणं आलं. नवा भूलतज्ज्ञ ओशाळून उभाच. मास्कवर नुसते डोळे... पण काय डोळे होते, बाई!

"सॉरी हं. काही मदत करू?"

"तुम्ही फक्त लांब उभे राहा."

"किती लांब?"

"ते... एवढ्यात नाही सांगता येणार," मी म्हटलं आणि मास्कआड लाजले.

मग वर्षभर मी हृदयं शिवत होते आणि तो पेशंटच्या उशाशी बसून, सोनोग्राफीच्या पडद्यावर माझं काम तपासत होता. बोलत मात्र काही नव्हता. तेवढ्यात ती आली — नवी सर्जन. देखणी, वर हुशार! हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या आतली भिंत फाटली, की मी भोकावर एक ठिगळ लावायचे. ती दोन्ही बाजूंनी लावायची. पडद्यावर बघून तो तिला म्हणाला, "वा!" माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. मला वर्षभरात एक "ठीक आहे" मिळालं होतं!

आज एक आजोबा आले, भिंत फाटलेलेच. शिवणार मी, मदतीला नेमकी ती. स्नायू भिजलेल्या पावासारखा — टाका घातला की चिरत होता.

"दोन लावू या?" ती हळूच म्हणाली.

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. पण जळत मी होते, त्यात आजोबांचा काय दोष? लावलं दुसरं ठिगळ, लांबच्या धडधाकट स्नायूत टाके घेत. हृदय पुन्हा धडधडू लागलं. तो पडद्याकडे बघत राहिला... बघतच राहिला.

"थेंबभरही गळती नाही," एवढंच बोलला.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलंच. "तिला वा, आणि मला नुसती गळती?"

"तिचं काम मी मजेत बघतो. तुझं बघताना... हात कापतात माझे." पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. "असा माणूस पेशंटच्या उशाशी नको. मोठ्या सरांना सांगून आलोय, उद्यापासून तुझ्या ऑपरेशनला मी नाही."

"मग कुठे?"

"तिच्याकडे."

"रोज?"

"रोज. आणि काम संपलं की तुझ्याकडे... जन्मभर. चालेल?"

मी डोळे पुसत "चालेल" म्हटलं. माणूस माझा झाला होता, आणि दिवसभर बसणार होता तिच्यासमोर!