राखलेला डाव

नेरडीगोंड्याला बस थांबली की प्रवासी चहाकडे धावतात आणि माकडं प्रवाशांकडे.

त्या दिवशीही तसंच झालं. ब्याण्णव सालचा ऑक्टोबर संपत आला होता. दिवाळीच्या तोंडावरची एक चुकार सर नुकतीच पडून गेली होती आणि हायवेच्या कडेला सीताफळांचे ढीग ओले चमकत होते. राही निर्मलच्या आत्याकडून आदिलाबादला घरी निघाली होती. खिडकीशी बसून सीताफळ खात होती, बिया मुठीत जमवत होती... तेवढ्यात खाली एकच गलका उठला.

चष्मा लावलेला एक उंच तरुण चिंचेच्या झाडाखाली उभा होता. एका हातात चहाचा ग्लास, नजर वर फांदीवर. आणि फांदीवरच्या माकडाला तो चक्क समजावून सांगत होता.

“अरे, खायचं नाई थे! लाकूड हाये, लाकूड!”

माकडाच्या हातात लाल कापडाची थैली. त्यातून त्यानं बोराएवढं काहीतरी रंगीत काढलं, कराकरा चावलं आणि तोंड वाकडं केलं. मग दुसऱ्यासाठी थैलीत हात घातला. लोक पोट धरून हसत होते. त्या बिचाऱ्याचा चेहरा मात्र रडवेला झाला होता.

राहीला हसू आलं, पण नुसतं हसत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती टुणकन खाली उतरली. “आजोबा, घडीभर द्या,” म्हणत एका म्हाताऱ्याच्या हातातली काठी घेतली, ओढणी कमरेला खोचली आणि झाडाखाली जाऊन उभी राहिली. मग काठी फिरली. अशी फिरली की काठी दिसेनाशी झाली, नुसता वारा तेवढा ऐकू येत होता. माकडानं एकदा खाली पाहिलं, थैली टाकली आणि शेंड्यावर पळालं.

काठी थांबली. राहीनं ती म्हाताऱ्याला परत दिली.

“ही... ही कोणती पद्धत?” तरुणानं विचारलं. ना आभार, ना नाव, ना गाव!

“कायची पद्धत?”

“लढायची. तुमचं मनगट उलटं फिरलं. माह्या वहीत हे नाई.”

“तुमच्या वहीत माकडाले हाकलायचं बी लिवलेलं असते का?”

“माकडाची पद्धत हाये ना! चपळाई अधिक तीन.”

“पाह्यली आत्ताच,” राही म्हणाली. “तुमी हरले.”

तो लाजला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला... आणि का कोण जाणे, राहीला ते फार आवडलं.

आदिलाबाद येईपर्यंत तिला सगळं कळलं. त्याचं नाव जयवंत. नार्नूरच्या किराणा दुकानदार भगवंतरावांचा मुलगा, पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा. हैदराबादला शिकताना एका मित्राकडे त्याला परदेशी खेळाचं पुस्तक सापडलं, त्याची झेरॉक्स काढून आता तोच खेळ तो मराठीत लिहीत होता. सोंगट्या नाहीत, पट नाही. एक सूत्रधार गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. प्रत्येकाच्या नावापुढे बळ, चपळाई, धीर असे आकडे. लढाई आली की आपली पद्धत सांगायची, वाघाची, बगळ्याची, दारुड्याची, आणि फासा टाकायचा. पद्धतीचा आकडा अन् फाशाचा आकडा मिळून ज्याचा जास्त, त्याची सरशी. दहा बाजूंचे ते फासे त्यानं निर्मलच्या खेळणी करणाऱ्याकडून मुद्दाम कोरून, रंगवून आणले होते.

“म्हणून त्या माकडाले बोरं वाटले!” राहीनं एक फासा उचलला. एका बाजूला दातांची खूण चांगली खोल उमटली होती. “अन् या सगळ्या पद्धती चीन-जपानच्या? आपल्याकडची एक बी नाई?”

“कोणाले विचारू? लाठीचा जुना वस्ताद हाये म्हणतात आदिलाबादेत, माणिकराव. पण लय तापट मानूस हाये म्हणे.”

“हाये खरा,” राही गंभीरपणे म्हणाली. “माहा बाप हाये तो.”

जयवंताचे कान पुन्हा लाल झाले.

पुढच्याच रविवारी तो वही घेऊन दारात हजर! माणिकराव अंगणात बाजेवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा होता. तालीम बंद पडून सहा वर्षं झाली होती, पोरं सगळी क्रिकेटकडे गेली होती. वहीकडे त्यांनी नजरसुद्धा टाकली नाही.

“कागदावर लढून राह्यले का तुमी? लढा बाप्पा. घाम तरी येनार नाई.”

“मी सांगते त्यायले,” राही म्हणाली. “पन मी बी खेळनार.”

वस्तादांच्या लाठीचे हात, म्हणजे डाव, बारा. राहीनं अकरा सांगितले, जयवंतनं अकरा ओळी लिहिल्या. बारावी ओळ कोरी राहिली.

“बारावा?”

“मले नाई येत. तेरा वर्षांची झाले अन् बाबांनी शिकवनं बंद केलं. वस्ताद एक डाव राखून ठेवते ना... पोरगी परक्या घरी जाईन, डाव बी जाईन.” तिनं बाजेकडे पाहिलं. “पन मी घेनार थो. बाबा गेल्यावर कोणापाशीच राहनार नाई जयवंतराव, म्हणून घेनार.”

मग तिचं पात्र लिहायची वेळ आली. नाव चंद्रभागा, पद्धत लाठी. जयवंतनं बळापुढे सात लिहिलं आणि सवयीनं शेजारी लिहिलं, उणे दोन.

“हे उणे दोन काऊन?”

“नियम हाये. बाईचं पात्र असलं की...”

“कोणाचा नियम?”

“पुस्तकातला.”

“त्या पुस्तकानं माही काठी कधी खाल्ली हाये का?”

 राहीनं त्याच्या हातातली पेन्सिल काढून खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही, पण आता ही ऐकणार नाही हे जयवंतला कळलं.

“खोडा. अन् माह्यापुरतं नाई, आख्ख्या वहीतून खोडा. नाई तर मी उठते.”

त्यानं खोडरबर काढला. एक पान, दुसरं पान, तिसरं... चौदा पानांवर ते उणे दोन होते. एकेक करून त्यानं सगळे खोडले, प्रत्येक पानावरचा चुरा फुंकरीनं उडवला. वाद घातला नाही, हसण्यावारी नेलं नाही. चष्मा नाकावर घसरला होता, तोही वर सारला नाही. राही बघत राहिली. तिच्यासाठी काही खोडणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता. त्याच दुपारी तिचा जीव त्याच्यावर जडला. उगाच कशाला लपवायचं!

मग दर रविवारी अंगणात कडुनिंबाखाली डाव रंगू लागला. जयवंत सूत्रधार, त्याच्या ऑफिसातले दोन मित्र आणि राही. राहीची आई देवकाबाई चहा आणताना पुटपुटायची, “मोठाले घोडे झाले अन् भातुकली खेळून राह्यले.” माणिकराव बाजेवर पाठ करून पडलेले असायचे, उशाला रेडिओ. पण हळूहळू रेडिओचा आवाज बारीक होत गेला, हे राहीच्या ध्यानात आलं होतं. एकदा घाटात चंद्रभागेला पाच जणांनी घेरलं. राही विचार करून म्हणाली, “मी मागं सरते...”

“मागं कुठं सरतं!” बाजेवरून गर्जना झाली. “डाव्या पायावर वळ, सहावा हात घाल!”

सगळे दचकले. माणिकरावांनी घाईघाईनं रेडिओ मोठा केला. त्यावर शेतकऱ्यांसाठी तेलुगूत खताची माहिती चालू होती.

त्या दिवशी राहीनं फासा टाकला, नऊ पडले आणि पाचही जण आडवे झाले. एक गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ झाली होती, माकडानं चावलेला फासा कोणी घ्यायचा नाही. कितीही टाका, चावलेली बाजू खाली बसायची आणि वर एकाचाच आकडा यायचा.

हे झालं रविवारचं. बाकीचे सहा दिवस जयवंत बाजारात राहीच्या भाजीच्या दुकानावर वांगी घ्यायला यायचा.

“रोज वांगे?” एकदा तिनं विचारलं.

“आवडतात मले.”

“कोणती भाजी करता?”

“ते... खोलीवर ठेवतो.”

“बत्तीस किलो झाले आजवर. लोणचं घाला आता!”

तो हसला. ओल्या कोथिंबिरीच्या जुड्यांवर दोघांचे हात क्षणभर शेजारी-शेजारी राहिले, आणि मग दोघांनीही एकदमच मागे घेतले.

संक्रांत झाली आणि नांदेडकडचं स्थळ आलं. सोमवारी पाहुणे पोरगी पाहायला येणार, असा निरोप. देवकाबाईंनी पोह्यांची तयारी सुरू केली. राहीनं गुरुवारी जयवंतला सगळं सांगितलं आणि वाट पाहिली. शुक्रवारी तो आला, वांगी न घेता नुसताच उभा राहिला.

“बाबांसंगं बोलनार का?” राहीनं सरळच विचारलं.

“मी... काल रात्री फासा टाकला.” तो वांग्यांकडे बघत म्हणाला. “पाचाच्या वर पडला तर बोलीन, असं ठरवलं होतं. एक पडला, राही.”

राहीच्या हातातला तराजू खाली आला.

“कोणता फासा?”

तो कोथिंबिरीची जुडी उगाच सारखी करू लागला.

“दात लागलेला?”

उत्तर त्याच्या लाल कानांनी दिलं.

“तुमाले माहीत होतं त्यावर एकच पडते!” राहीचे डोळे भरून आले आणि त्या भरल्या डोळ्यांनीच ती कडाडली. “माह्या बापाचं भेव वाटते म्हणा ना सरळ! मी समजून घेतलं असतं. पन हरायचं ठरवून फासा टाकता? माह्या जन्माचा फासा?”

शेजारची मिरचीवाली टकामका पाहत होती. राहीनं तिची पर्वा केली नाही.

“रविवारी मी बाबांसंगं बोलनार हाये. तुमी आले तरी, नाई आले तरी. आले तर फासे घरी ठेवा.”

त्या दोन रात्री ती धड झोपली नाही. येईल... नाही येणार... आणि नाही आला तर? नाही आला तरी बोलायचंच, असं तिनं उशीला शंभरदा सांगितलं.

रविवारी दुपारी ती लाठी घेऊन बाजेसमोर जाऊन उभी राहिली. “बाबा, मले बोलायचं हाये,” एवढं म्हणाली, तोच फाटक वाजलं. जयवंत होता. हातात वही नव्हती, लाल थैली नव्हती. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. तो तरातरा आला आणि थांबला तर धीर सुटेल म्हणून की काय, चालता चालताच बोलला,

“वस्ताद, मी तुमच्या राहीसंगं लगन करीन म्हणतो. तिची मर्जी असंन तर. मले लाठी येत नाई. भेव लय वाटते. पन मी फासा न टाकता आलो.”

माणिकरावांना फाशाचं काही कळलं नाही. घामाचं कळलं. त्यांनी पोरीकडे पाहिलं.

“अन् तुहं काय म्हननं?”

“मले दोन गोष्टी पाहिजे, बाबा,” राही म्हणाली. तिनं लाठी जमिनीवर टेकवली. “हा मानूस पाहिजे, अन् बारावा हात पाहिजे.”

“डाव परक्या घरी...”

“घरी कायले जाईन? माह्या हातात राहीन. मी जिथं, डाव तिथं. तुमच्यापाशी राहून तुमी कोणाले शिकवनार? या मातीच्या भितीले?”

 देवकाबाई चहाचं ताट घेऊन दारातच खिळल्या. माणिकरावांनी जुडीतलं मेथीचं एक पान बोटांनी चुरलं.

“चौदा पानं खोडले होते न तुमी, तवा?” त्यांनी जयवंतला विचारलं.

“हो.”

“म्या ऐकून मोजले होते बाजेवरून. पाठ करून होतो, पन कान उघडे होते.” म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. “थे उणे दोन मीच लावलं होतं पोरीले. नऊ वर्षं झाली. मले नाई खोडता आलं.”

राहीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. माणिकराव उठले, गुडघे कटकन वाजले. त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि कोपऱ्यातली आपली काळी तेलकट लाठी उचलली.

“जावईबापू, तोंड भितीकडं करा.”

“काय म्हनले तुमी?” देवकाबाईंच्या हातातल्या कपबशा खणखणल्या.

“जावईबापू म्हनलो. कानात काय कापूस हाये? नांदेडाले निरोप धाड, पोरीचं ठरलं. पन बारावा हात वस्तादानं आपल्या चेल्यालेच दाखवाचा असते, जावई असला तरी त्यानं पाहायचा नाई.”

जयवंत मुकाट्यानं भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागे पावलं सरकली, दोन लाठ्या एकमेकींवर वाजल्या, वारा सुसाटला... “पुन्हा!” म्हाताऱ्याचा आवाज. “पुन्हा! मनगट सोड, मनगट!” आणि मग राहीचं हसू आलं, रडं मिसळलेलं, मोकळं. भिंतीकडे बघत तोही एकटाच हसत होता. सारवणाच्या बोटांच्या रेघा त्याला पाठ झाल्या.

पोरं निघून गेलेलं, बंद पडलेलं ते वस्तादपण त्या दुपारी दिवस कलेपर्यंत चाललं.

संध्याकाळी दोघं कडुनिंबाखाली बसली. राहीच्या तळहाताला फोड आले होते, जयवंत त्यांच्यावर फुंकर घालत होता. अगदी खोडरबराचा चुरा उडवला होता तशीच.

“वहीत बारावी ओळ काय लिहू?”

“कोरी ठेवा.”

“मले सुद्धा नाई सांगनार?”

“अंहं. पोरीले सांगीन.”

“कोणाच्या पोरीले?”

राहीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल व्हायला लागले होते.

“आता याच्यासाठी बी फासा टाकून पाह्यता का?” ती म्हणाली.