अंगठ्याखालचा श्वास

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या त्या बाजारात एक अलिखित नियम होता. टेबलावरच्या वस्तूवर ज्याचा हात, पहिला भाव करण्याचा हक्क त्याचा. त्याने हात उचलेपर्यंत दुसऱ्याने मध्ये पडायचे नाही.

मे महिन्यातल्या भुरभुर पावसात, मिशिगनमधल्या जत्रेच्या त्या मैदानावर, लेलंड कोस्की एका कार्बुरेटरवर हात ठेवून कधीचा उभा होता. भाव विचारायचे शब्द त्याच्या घशापर्यंत येत आणि तिथूनच माघारी फिरत. ताडपत्रीच्या कडेवरून पाणी त्याच्या कॉलरमध्ये ठिबकत होते.

"अंडं आहे का त्यात?"

त्याने दचकून वळून पाहिले. डोक्यावरून रेनकोट ओढलेली एक मुलगी शेजारी उभी होती. तिच्या नखांच्या कडांना हिरवा रंग सुकून बसला होता.

"अं... काय?"

"नाही, इतका वेळ उबवताय म्हणून विचारलं. पिल्लू बाहेर आलं की सांगा, मी इथेच आहे."

लेलंडचे कान तापले. "तुम्हाला... हवंय का हे?"

"मला अडुसष्टच्या पॉन्टियॅकसाठी हवंय. तुमच्याकडे कुठली गाडी?"

"गाडी नाहीये माझ्याकडे," तो म्हणाला. "मला नुसतं उघडून बघायचं होतं."

ती हसली. थट्टा ओसरून आश्चर्य उरावे, तसे. लेलंडने हात उचलला. तिने तिथल्या तिथे, विक्रेत्याला दोन टोमणे मारून, कार्बुरेटर पदरात पाडून घेतला आणि त्याच्याकडे वळून म्हणाली, "उघडायला येणार का मग? माझं नाव कॉरिन. रंग, पत्रा, वेल्डिंग सगळं येतं मला. इंजिनाशी मात्र माझं पटत नाही."

असा तो त्या घरी गेला.

घर कॉरिनच्या मामांचे होते. बर्नीमामांचा सारा जन्म मोटारीच्या कारखान्यात गेला होता. आता ते गॅरेजच्या दारात घडीची खुर्ची टाकून बसत आणि आल्यागेल्यावर शेरे मारत. आत, विटांच्या भिंतीलगत, कॉरिनच्या वडिलांची गाडी उभी होती. ते वारल्यापासून ती बंदच होती. कॉरिनने तिचा पत्रा सरळ केला होता, गंज खरवडला होता, आणि तिला गर्द हिरवा रंग असा चढवला होता की, त्यात माणसाचा चेहरा विहिरीत दिसावा तसा खोल दिसे. बॉनेटखाली मात्र पोकळी होती, आणि इंजिनाचे तुकडे कॉफीच्या डब्यांतून फळीवर पडले होते.

लेलंड दिवसा श्रवणयंत्रे जुळवून देण्याचे काम करी. म्हाताऱ्या माणसांच्या कानाशी बसून, कोणता आवाज किती वाढवायचा हे ठरवणे, हा त्याचा व्यवसाय. ऐकण्यात तो निष्णात होता; बोलणे मात्र त्याला नेहमीच अंगापेक्षा मोठ्या कपड्यासारखे वाटे. संध्याकाळी तो गॅरेजात येई. दोघे खांद्याला खांदा लावून रॉकेलमध्ये नटबोल्ट धूत. कॉरिन बोलत राही, आणि तो तिचा आवाज मनात जपून ठेवी.

"तू कधी कुणाशी भांडलायस का रे?" ती विचारी.

"एकदा."

"मग?"

"त्याला कळलंच नाही."

दारातून बर्नीमामा ओरडत, "पोरी, त्याला हसवू नकोस! हात थरथरला तर माझ्या डोळ्यांदेखत आणखी एक इंजिन मरायचं!"

या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, आणि ती लेलंडला पहिल्या आठवड्यातच कळली होती. दूर ॲरिझोनात, टुसानला, जुनी विमाने जपणारे एक संग्रहालय कॉरिनला कामावर घ्यायला तयार होते. विमानांचे पत्रे, विमानांचे रंग... तिच्या आयुष्यभराचे स्वप्न. "पण बाबांची गाडी इथे सोडून मी जायची नाही," ती म्हणाली होती. "हिच्यातूनच जाईन. नाहीतर राहीन."

म्हणजे तो आवळत असलेला प्रत्येक बोल्ट तिला त्याच्यापासून दूर नेत होता. हे त्याला ठाऊक होते, आणि तरीही तो प्रत्येक बोल्ट नीट आवळत होता.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी फक्त डिस्ट्रिब्युटर बसवायचा राहिला. कोणत्या सिलिंडरला ठिणगी केव्हा मिळणार, हे तो ठरवतो. त्यासाठी आधी पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या वर आणावा लागतो. गोम अशी की, दट्ट्या एका फेऱ्यात दोनदा वर येतो. एकदा हवा दाबत, एकदा नुसताच. खरी वेळ ओळखण्याची रीत साधी: ठिणगीचा प्लग काढून त्या भोकावर अंगठा धरायचा. इंजिनाचा श्वास अंगठ्याला ढकलू लागला की समजायचे, हीच ती वेळ.

कॉरिन खाली बसून लांब पान्याने इंजिन हळूहळू फिरवत होती. लेलंड वर वाकून, अंगठा धरून उभा होता.

"आज टुसानहून फोन आला," ती खालून म्हणाली. "सप्टेंबरात, लेबर डेच्या दुसऱ्या दिवशी हजर व्हायचंय. नाही गेले तर दुसऱ्या कुणाला घेणार म्हणाले."

लेलंडची नजर दाराबाहेर गेली. बाहेर कुणीतरी गवत कापत होते. ओल्या गवताचा वास दारातून आत आला.

"लेलंड? आली का हवा?"

"हो..." तो म्हणाला. "आली."

तिने पान्यावरचा हात थांबवला. त्याने डिस्ट्रिब्युटर बसवला.

शनिवारी दुपारी गाडी अंगणाच्या वाटेवर ढकलून आणली. नव्याने जुळवलेले इंजिन पहिल्यांदा सुरू करणे म्हणजे गल्लीतला सोहळाच. दोन शेजारी आपापल्या खुर्च्या घेऊन आले. बर्नीमामा आग विझवायचे नळकांडे मांडीवर घेऊन बसले.

"नीट ऐका दोघं," ते म्हणाले. आज त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "आतला कॅमशाफ्ट, झडपा उघडणारा दांडा, नवा आहे. त्याच्यावर फक्त ते काळं वंगण आहे, बाकी काही नाही. स्टार्टर मारत बसलात की ते पुसून जातं आणि दांडा झिजून जातो. झटकन सुरू झालं पाहिजे. आणि एकदा झालं की वीस मिनिटं त्याला मंद होऊ द्यायचं नाही. मी असा एक दांडा घालवलाय. नवा बसवायचा म्हणजे सगळं इंजिन पुन्हा खोलायचं. मग गेलाच तुमचा ऑक्टोबर."

ऑक्टोबर. तो शब्द लेलंडच्या मनात खड्यासारखा पडला आणि खाली खाली जात राहिला.

कॉरिन आत बसली. उघडलेल्या बॉनेटच्या मागच्या कडेला काचेपर्यंत एक अरुंद फट राहते. त्या फटीतून त्याला फक्त तिचे डोळे दिसत होते. त्याने मान हलवली. तिने किल्ली फिरवली.

इंजिन घरघरले, फिरत राहिले... आणि कार्बुरेटरच्या तोंडातून 'फट्' असा आवाज होऊन निळसर ज्वाळेची जीभ बाहेर आली.

"पेट्रोल कमी पडतंय!" एक शेजारी म्हणाला.

लेलंडला मात्र त्याच क्षणी उमगले. ठिणगी चुकीच्या खेपेला पडत होती. काल संध्याकाळी तो श्वास त्याच्या अंगठ्याखालून निघून गेला होता. तो टुसानचा विचार करत होता, आणि दट्ट्या दुसऱ्यांदा, नुसताच वर आला तेव्हा त्याने 'हो' म्हटले होते.

"पुन्हा मारू?" कॉरिनने आतून विचारले.

तो गप्प राहिला.

फक्त गप्प राहायचे होते. त्यात तो जन्मापासून तरबेज होता. तिने आणखी दोनदा, तीनदा किल्ली फिरवली असती. वंगण पुसले गेले असते. कुणालाही काही कळले नसते. मग सप्टेंबर, मग ऑक्टोबर, रॉकेलचा वास, तिचा खांदा, तिचा आवाज... फटीतले डोळे त्याच्याकडे पाहत होते.

"लेलंड? मारू का?"

"नको!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की मामांच्या मांडीवरचे नळकांडे घसरले. "किल्ली सोड! चूक झालीय माझी. अर्धा फेरा चुकलाय!"

"अरे देवा," मामा पुटपुटले. "याला आवाज आहे!"

त्याने डिस्ट्रिब्युटर उचलला, अर्धा फेरा वळवला, पुन्हा बसवला. आत आता किती वंगण शिल्लक होते, कुणास ठाऊक. त्याने मान हलवली.

या वेळी ते पेटले. एकदम, सगळेच्या सगळे. जमिनीतून तो आवाज त्याच्या गुडघ्यांत चढला, छातीत भरला. त्याने तळवा वर केला: वाढव. तिने वाढवले. तळवा आडवा: एवढेच, धरून ठेव. नव्या रंगाचा धूर नळ्यांवरून उठला. मामा नळकांडे रोखून उभे राहिले. तापमानाचा काटा चढू लागला. लेलंडने नळी उचलून रेडिएटरवर पाण्याची धार धरली आणि दुसऱ्या हाताने डिस्ट्रिब्युटर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहिला, आवाजातली अडखळ निघून जाईपर्यंत. कान नुसते ऐकत होते. एखादी टकटक... दांडा झिजू लागल्याची टकटक...

ती आली नाही.

ती वीस मिनिटे दोघांनाही जागचे हलता येत नव्हते. तिचा पाय पेडलवर, त्याचा हात इंजिनावर, मध्ये ती फट. बोलणे शक्यच नव्हते. म्हणून ते पाहत राहिले. इतका वेळ त्याने कुणाच्याही डोळ्यांत कधी पाहिले नव्हते. पहिल्यांदा तिनेच पापण्या खाली घातल्या.

मामांनी हात वर केला. तिने इंजिन बंद केले. शांतता एवढी मोठी होती की पाण्याचा थेंब ऐकू आला. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा डोळे पुसत, धुराला शिव्या देत, सगळ्यांसाठी बिअर आणायला आत गेले.

कॉरिन उतरून त्याच्याजवळ आली.

"मला एक सांगायचंय," लेलंड म्हणाला. "तू विचारलंस ना, पुन्हा मारू का... तेव्हा मला आधीच कळलं होतं. आणि मी गप्प होतो. मला वाटलं—बिघडू दे. बिघडलं तर तू राहशील."

"माहितीय."

"माहितीय?"

"तुझा चेहरा दिसत होता मला. पहिल्या 'फट्'लाच पांढरा पडलास." तिने हातावरचा डाग उगाच पुसल्यासारखे केले. "म्हणून तर दुसऱ्यांदा विचारलं."

"आणि मी हो म्हटलं असतं तर?"

"तर मी किल्ली फिरवली असती." तिचा आवाज अगदी हळू झाला. "फिरवत राहिले असते. समजून उमजून."

"पण... बाबांची गाडी..."

"हो ना. बघ कुठवर आले होते मी." ती हसली, पण डोळे भरले होते. "आणि तू ओरडलास. मूर्ख. आता जावंच लागणार मला."

"जायलाच हवं," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज कापला, पण तुटला नाही. "ती विमानं तुझी वाट बघतायत."

वाऱ्याने अंगणातला धूर हळूहळू रस्त्याकडे नेला. गरम लोखंड निवताना टिक... टिक... करत होते.

"नवं इंजिन आहे," कॉरिन म्हणाली. "पहिलं तेल कधी बदलायचं?"

"पाचशे मैलांवर."

"म्हणजे कुठे?"

"मिसुरीत कुठेतरी. मक्याच्या शेतांत."

"आणि तिथे, मक्याच्या शेतात, कोण बदलणार ते? मी? माझं इंजिनाशी पटत नाही, हे माहितीय तुला."

लेलंडने तिच्याकडे पाहिले. शब्द घशापर्यंत आले. या वेळी ते माघारी फिरले नाहीत.

"मी बदलीन."

"आणि नंतर? परत येशील बसने?"

"तीन हजारांवर पुन्हा बदलावं लागतं," तो म्हणाला. "ते टुसानच्या पुढे येतं. आणि कानांनी कमी ऐकणारी माणसं तिथेही असतीलच की."

घरातून मामांचा आवाज आला, "बिअर घेताय की तशीच गरम करू?"

"थांबा हो जरा!" कॉरिन ओरडली, आणि लेलंडचा तेलकट हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.