कंट्रोल अकरा

खोटं वाटलं तर वाटू दे, पण हे माझ्या धाकट्या दिरांच्या बाबतीत घडलंय. त्यांनी स्वतः माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. घडलं ती वेळही रात्रीची नव्हती. रविवार, दुपारचे तीन.

भाऊजी एका प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांचं काम एक्सोसोमवर. आपल्या पेशी रक्तात इवल्याशा पिशव्या सोडत असतात, त्या या. आजारी पेशीची पिशवी आजाराची खूण अंगावर घेऊन फिरते. स्कॅनमध्ये काही दिसायच्या कितीतरी आधी.

तिथली एक रीत होती. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागलं की कर्मचारीच बाही वर करायचे. त्यालाच कंट्रोल म्हणायचं. तिथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ, सगळ्यांच्या ताई, त्या यादीत अकराव्या.

ताईंच्या रक्तात कर्करोगाची खूण निघाली. चांगली ठळक.

भाऊजींनी काय करावं?

आलेख बिघडत होता, म्हणून अकरावा नमुना यादीतूनच काढून टाकला! ताईंना म्हणाले, "तुमची नळी खराब झाली हो." शोधनिबंध थाटात छापून आला. ताईंना वेळेत कळलं असतं तर त्या कदाचित वाचल्याही असत्या. खूण निघाल्यापासून नवव्या महिन्यात गेल्या.

मला विचाराल तर हा खूनच. घरचा माणूस असला म्हणून काय झालं!

त्या रविवारी भाऊजी एकटेच होते. यंत्र नीट चाललंय का बघायला त्यांनी नुसतं गाळलेलं खारट पाणी घातलं. एकेक पिशवी पडद्यावर ठिपका होऊन चमकते, पण या पाण्यात काहीच नसतं. पडदा काळा राहायला हवा.

राहिला... क्षणभर.

मग एक ठिपका चमकला. मग दहा. बघता बघता पडदा थरथरत्या ठिपक्यांनी भरून गेला.

पाणी बदललं. नवी बाटली फोडली.

तेच.

तेवढ्यात मागच्या टेबलावर आवाज झाला... टिक. टिक. टिक.

नळीतला बुडबुडा काढायला ताई नखाने अशाच तीन टिचक्या मारायच्या.

भाऊजी गर्रकन वळले. कोणी नव्हतं. पण फ्रीजरची घरघर थांबली होती. नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजचीही. दिवे मात्र चालू होते.

पुन्हा पडद्याकडे पाहिलं. नमुन्याच्या नावाची जागा त्यांनी कोरी सोडली होती.

आता तिथे लिहिलं होतं... कंट्रोल अकरा.

"ताई, चुकलो," भाऊजी मोठ्याने म्हणाले. "माफ करा मला."



टिचकी आली. एकच. त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला... जिथे रक्त काढताना शीर शोधतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांसमोर बाही वर केली आणि स्वतःचं रक्त तपासलं. खूण होती. त्यांचा आलेख ताईंच्या आलेखावर ठेवला, तर रेघेला रेघ जुळली.

मग सुरू झाले दवाखाने. तीन डॉक्टर झाले, आपादमस्तक स्कॅन झाले. सगळ्यांचं एकच म्हणणं, तुम्ही ठणठणीत आहात, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका.

"मग झालं तर!" मी म्हटलं.

"वहिनी, तेव्हा ताईंचाही स्कॅन स्वच्छच आला असता," भाऊजी म्हणाले. "आणि उपचार कशावर करणार? आजार कुठे आहे ते कोणालाच सापडत नाहीये. दर आठवड्याला मी रक्त तपासतो. खूण वाढतेच आहे..."

त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या बाईचा तर कसा जाईल? पण परवा जेवताना त्यांचा डावा हात सारखा पोटाकडे जात होता. दुखतंय का म्हणून विचारलं, तर नाही म्हणाले आणि अर्धं ताट टाकून उठले.

हा आठवा महिना आहे.