आपानं ठेवलेली नावं

नारीनच्या टॅक्सीतळावर डोंगरातल्या आतबाशी गावाला निघालेल्या गाडीत एकच जागा उरली होती – मागची, मधली. डावीकडे एक लठ्ठ बाई घोरत होत्या. उजवीकडे एक तरुण बसला होता, मांडीवर खोकं घेऊन. मी आत शिरले आणि माझी पिशवी नेमकी त्या खोक्यावर आपटली.

"अहो, जपून!" तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच हसला. "नाहीतर राहू द्या. आपटा हवं तेवढं. तसाही त्याचा काही उपयोग नाही."

"आहे काय त्यात?"

"घोड्याचा गळपट्टा. घोडी कुठं चरतेय ते म्हणे फोनवर दिसतं. दिसत कसलं! 'प्रवेश नाकारला' – एवढंच काय ते ठळक दिसतं."

मी खोक्याकडे नीट पाहिलं, आणि पिशवी हळूच त्यावरून उचलली. त्यावर आमच्याच कंपनीचं चिन्ह होतं. कुठल्या पट्ट्यानं काय कळवायचं, कुणाला काय दिसू द्यायचं – ते सगळे नियम मीच लिहिले होते. आणि तेच दुरुस्त करायला मी राजधानीहून, बिश्केकहून, निघाले होते.

"कुणीतरी खुर्चीत बसून बनवलं असणार," तो रंगात येऊन बोलत होता. "घोडा फक्त चित्रात पाहिलेला. भेटला ना एकदा..."

"तर काय कराल?"

"घोड्यावर बसवीन. उलटं तोंड करून!"

"आणि ती बाई निघाली तर?"

त्यानं मान वळवून माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याच्या पापण्यांवर अजून पाण्याचे थेंब होते.

"बाई असेल तर... सुलट बसवीन," तो म्हणाला. "पण लगाम माझ्या हातात."

मी झटकन समोर पाहायला लागले. हसू काही केल्या आवरेना. बाहेर मे महिना होता आणि तरी काचेवर पाऊस नव्हे, ओला बर्फ थापला जात होता.

आतबाशीत मी निळ्या फाटकापाशी उतरले. तोही उतरला. मी फाटकाच्या कडीला हात घातला. त्यानंही.

"तुम्ही... इथं?"

"बुरुलचा आपांकडे काम आहे. गळपट्टे बघायचेत." मी शक्य तितक्या गंभीरपणे म्हटलं. "बिश्केकहून आलेय. खुर्चीतून उठून."

त्याचे कान आधी लाल झाले, मग मान, मग सगळा चेहरा. असा लाजणारा पुरुष मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

त्याचं नाव एल्दियार. खोऱ्यातल्या जनावरांचा डॉक्टर. बुरुलचा हे त्याच्या आत्याचं नाव; आपा म्हणजे ताई, सगळं खोरं तिला तेच म्हणे. तिनंच त्याला वाढवलेलं. आत गेलो तर आपा चहा न पिता खिडकीशी उभी. वरच्या कुरणातला तिचा कळप आदल्या दिवशीच्या धुक्यात कुठंतरी भरकटला होता. घोड्या विणीला आलेल्या. गुराखी पहाटेपासून पूर्वेकडची दरी पालथी घालत होता. आणि संध्याकाळपर्यंत वादळ येणार होतं.

"पोरी, सापडतील ना गं?" आपानं माझे दोन्ही हात धरून विचारलं. तिचे हात गार होते.

मी बूटसुद्धा नीट न काढता लॅपटॉप उघडला. पट्टे जिवंत होते. डोंगरावरच्या खांबापर्यंत त्यांची हाक पोचत होती. पण सर्व्हर बहुतेकांना दारातूनच हाकलून देत होता. मी साहेबांना, तेमिर बाइकेंना, फोन लावला.

"एवढा विचार कसला करतेस?" ते म्हणाले. "नियमच काढून टाक. सगळ्यांना सगळं उघडं ठेव. उद्या बघू."

सोपं होतं. एका ओळीचं काम. माझी बोटं तिथपर्यंत गेलीसुद्धा.

"सगळ्यांना म्हणजे?" एल्दियारनं हळूच विचारलं. "कुणालाही दिसेल, आमच्या घोड्या कुठं आहेत ते?"

"हो. ज्याला शोधता येईल त्याला."

"गेल्या शरदात आपाच्या काही घोड्या चोरीला गेल्यात. ते लोक सापडले नाहीत अजून." तो थांबला. "पण तुम्ही म्हणाल तसं. आत्ता मला त्या जिवंत हव्यात."

त्यानं असा हट्ट न धरता सगळं माझ्यावर सोपवलं आणि... मी बोटं मागे घेतली.

"मला थोडा वेळ द्या," मी म्हटलं. "काही पट्टे दिसताहेत, पण ते इथं गावाजवळचेच. हेच का दिसतात, ते कळलं की झालं. आपा, जरा बघा – या कुठल्या घोड्या?"

आपानं चष्मा चढवला. "ही? ही लाथा मारते. ही चावते. आणि ही शेजाऱ्यानं गळ्यात मारलेली, मेली कधी आवडलीच नाही मला."

"आणि न दिसणाऱ्या?"

तिचा आवाज एकदम ओला झाला. "माझी चोल्पोन... माझी कारलगाच... सगळ्या गुणाच्या."

मी यादीकडे पाहिलं. दिसणाऱ्या घोड्यांपुढं नुसते आकडे होते. न दिसणाऱ्यांपुढं – नावं.

"आपा... ही नावं फोनमध्ये तुम्ही घातलीत?"

"मग? पोटच्या पोरीला कुणी आकड्यानं हाक मारतं का?"

"पण नाव बदलायचा अधिकार तर फक्त..." मी एल्दियारकडे पाहिलं. तो ताटलीतल्या तळलेल्या बोरसोकांचं फार बारकाईनं निरीक्षण करत होता. "तुमचा पासवर्ड आपांना दिलात?"

"आपाला नाही म्हणणारा माणूस या खोऱ्यात अजून जन्मायचाय."

सगळं उलगडलं. पट्टा सर्व्हरला आपला आकडा सांगायचा. सर्व्हरच्या यादीत मात्र आता 'चोल्पोन' लिहिलेलं. मग तो विचारायचा – तू कोण बाबा? आणि दार बंद. यादीतलं नाव बदललं की ओळखच बदलावी, असं करून ठेवलं होतं मी. कुणी घोडीला लाडानं हाक मारील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणजे टॅक्सीत मी तुम्हाला उगाच नावं ठेवली," एल्दियार पुटपुटला.

"तुम्ही मला ठेवलीत, आपांनी घोड्यांना. घरची रीतच दिसतेय."

आपा खो-खो हसली, आणि मग डोळे पुसू लागली.

मी आकडे पुन्हा जागेवर बसवले. नावांसाठी वेगळा रकाना केला. आपाला तिचा स्वतःचा पासवर्ड दिला: घोड्या बघ, लाडाची नावं लिही, पण ओळखीला हात लावायचा नाही. मग आम्ही तिघं पडद्यावर वाकून बसलो. एल्दियारचा खांदा माझ्या खांद्याला लागला, आणि आमच्यापैकी कुणीच तो हलवला नाही.

एक ठिपका उमटला. मग दुसरा. मग भराभरा...

"अगं बाई, पश्चिमेला!" आपा ओरडली. "नदीच्या अंगाला गेल्यात! गुराखी तिकडं पूर्वेला काय करतोय!"

एल्दियार उठलाच. त्यानं अंगणातल्या करड्या घोड्यावर खोगीर टाकलं. त्या घोड्याच्या गळ्यातही पट्टा होता.

"मी दिसेन ना तुला?" रिकिबीत पाय घालता घालता त्यानं विचारलं. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही.

"दिसशील. चुकलास तर ओरडेन."

"मग चुकतोच जरा."

तो गेला आणि मी फोन कानाला लावून पडद्यासमोर बसले. एक ठिपका डोंगर चढत होता. मी त्याला सांगत होते – ओढा सोडू नकोस... आता डावीकडं... हळू, पुढं कडा आहे. वारा त्याचे शब्द अर्धे गिळत होता. बर्फ सुरू झाला. मग फोन तुटला.

आणि थोड्या वेळानं ठिपका थांबला.

मी आपाकडे पाहिलं नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. सकाळी मला तो माणूस माहीतही नव्हता. आणि आता त्या एका ठिपक्यानं हलावं म्हणून मी कुणाकुणाला साकडं घालत होते!

ठिपका हलला. त्याच्याभोवती बाकीचे गोळा झाले. सगळे मिळून सावकाश खाली सरकू लागले.

अंधार पडायच्या आत फाटकातून कळप आत शिरला. घोड्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या. एल्दियारच्या कोटाच्या आत, छातीशी, नुकतंच जन्मलेलं शिंगरू थरथरत होतं.

"थांबला होतास तू," मी म्हटलं. माझा आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता.

"हिच्यासाठी." त्यानं शिंगराकडं मान केली. मग माझ्याकडं नीट पाहिलं. "मीरिम... तू रडलीस?"

"धूर गेला डोळ्यांत."

"आमच्या घरात धूर होत नाही गं."

मी शिंगराच्या ओल्या मानेवरून हात फिरवला. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण आपानं आतून घोंगडी आणायला हाक मारली आणि ते तिथंच राहिलं. रात्री बर्फानं बंद झालेला घाट दुसऱ्या दिवशी उघडला. मी बिश्केकला परतले. तेमिर बाइकेंनी ऑफिसात माझं कौतुक केलं. त्यातलं मला काहीच ऐकू आलं नाही.

एल्दियार रोज फोन करायचा. घोड्यांचं सांगायचा, पावसाचं सांगायचा. ते मात्र सांगायचा नाही. दर वेळी म्हणायचा, "आणि... बरं का..." आणि मग हवापाणी. शेवटी जूनमध्ये मीच रजा टाकली.

वरच्या कुरणात गवत गुडघ्याला लागत होतं. तंबूबाहेर आपा घोडी पिळत होती. मला पाहून तिच्या हातातली धार थांबली.

"काय गं, पुन्हा काय बिघडलं?"

"काही नाही, आपा. सगळं नीट चाललंय."

"मग एवढ्या लांब कशाला आलीस?"

एल्दियार तंबूतून बाहेर आला. हातात कुमिसचं – घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं – भांडं, पायात एकच बूट. मला पाहून तो तसाच उभा राहिला आणि त्याचे कान लाल व्हायला लागले.

"याला सांगायला," मी म्हटलं. "याच्या तोंडून काही निघत नाही, म्हणून मीच सांगते. एल्दियार, मला तू हवा आहेस."

भांडं कलंडलं. कुमिस त्याच्या अनवाणी पायावर सांडलं, त्याला पत्ताच नाही.

"मीपण..." तो म्हणाला. "म्हणजे, मी आधीपासून... मला पण तू..."

"अरे, वाक्य तरी पुरं कर, मेल्या!" आपा ओरडली.

त्यानं ते पुरं केलं. पण इतक्या हळू, की ते फक्त मला ऐकू आलं.